दोन प्रोसेसरवालं मशीन स्वस्तात कसं जमवायचं, आणि सीपीयू सगळ्यात शेवटी का घ्यायचे

इंटेलचे सर्व्हरसाठी बनवलेले जुने झिऑन प्रोसेसर आता इतके स्वस्त मिळतात की माणूस आधी दोन सीपीयू मागवून मोकळा होतो आणि मग त्यांना बसवायला बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, शोधत फिरतो. आधी कळस मग पाया. मी पण पहिल्यांदा हेच केलंय, दोन सीपीयू चार महिने ड्रॉवरमध्ये पडून होते कारण परवडेल असा बोर्डच मिळेना, आणि जो मिळाला त्याला ते चालणार नव्हते. म्हणून आधीच सांगतो, या प्रकरणात घोडं बोर्डापाशी अडतं. सीपीयू मिळतात हो.

असं का होतं ते पण साधं आहे. डेटा सेंटरवाले काही वर्षांनी अख्खे सर्व्हर काढून टाकतात, त्यातून सीपीयू आणि रॅम ढिगाने बाहेर येतात, पण त्या सर्व्हरचे बोर्ड चपट्या रॅकच्या डब्यासाठी बनवलेले वाकड्यातिकड्या आकाराचे असतात, ते साध्या कॅबिनेटमध्ये बसतच नाहीत. मग सीपीयू भरपूर आणि बसतील असे बोर्ड मोजके. हीच गोष्ट रॅमची, सर्व्हरवाली रजिस्टर्ड रॅम (जिच्यावर सिग्नल सांभाळायला वेगळी चिप असते) साध्या डेस्कटॉपला चालत नाही म्हणून तिला गिऱ्हाईक कमी आणि ती स्वस्त. आपल्या मशीनला नेमकी तीच लागते, तो आपला फायदा.

आता गरज आहे का ते स्वतःला खरं खरं विचारा. ब्लेंडरमध्ये सीपीयूवर रेंडर, व्हिडिओ एन्कोडिंग, मोठे सॉफ्टवेअर प्रोजेक्ट कंपाइल करणं, एकाच मशीनवर आठ-दहा व्हर्च्युअल मशीन चालवणं, किंवा नुसती प्रचंड रॅम हवी असणं, यासाठी हे मशीन भारी. गेमसाठी मात्र नको. गेमला एकेका कोअरचा स्पीड लागतो आणि तिथे आजचा साधा सहा कोअरचा प्रोसेसर पण या जुन्या जोडीला मागे टाकतो. दोन सीपीयू म्हणजे दुप्पट स्पीड असं नसतंच, कामाचे तुकडे पडत असतील तरच दुसरा उपयोगाचा, नाहीतर तो नुसता गरम होत बसतो.

कुठली पिढी घ्यायची? इंटेलच्या झिऑन ई५ मध्ये पहिला आकडा बघायचा, ई५-१६०० वाले एकट्याने चालतात, ई५-२६०० वाले दोघे जोडीने चालतात, ई५-४६०० वाले चौघांसाठी. म्हणजे ई५-१६५० कितीही स्वस्त मिळाला तरी दोन घेऊन काही होणार नाही, जोडी जमणारच नाही. मधे एक ई५-२४०० नावाची फसवी मालिका आहे, आकडा २ नेच सुरू होतो पण सॉकेट, म्हणजे सीपीयू बसतो ती जागा, वेगळं, एलजीए १३५६, आणि मेमरी चॅनेल, म्हणजे रॅमकडे जायचे रस्ते, चारऐवजी तीन. तिच्या नादी लागू नका.

२६०० च्या चार पिढ्या धरा. पहिली २०१२ ची, व्ही२ २०१३ ची, या दोन्ही एलजीए २०११ सॉकेटमध्ये आणि डीडीआर३ वर. मग व्ही३ २०१४ ची आणि व्ही४ २०१६ ची, या एलजीए २०११-३ मध्ये आणि बहुतेक सगळीकडे डीडीआर४ वर. दोन्ही सॉकेटची नावं सारखी वाटतात पण एकातला सीपीयू दुसऱ्यात बसत नाही, जोर लावून तर अजिबात बघू नका. याच्याही आधीचे एलजीए १३६६ वाले एक्स५६५०, एक्स५६७० असे सहा कोअरचे मिळतात, शिकायला हात साफ करायला ठीक आहेत पण एव्हीएक्स (एका फटक्यात बरेच आकडे हिशोबात घेणाऱ्या सूचना) नाही, वीज खातात, मी तरी आता त्यात पैसे घालणार नाही.

माझं मत म्हणाल तर बजेट एकदमच तंग असेल तर व्ही२ आणि थोडं सैल असेल तर व्ही४. व्ही२ मध्ये ई५-२६८० व्ही२ हा मस्त सौदा, १० कोअर, बेस म्हणजे नेहमीचा स्पीड २.८ आणि टर्बो म्हणजे जोरातला ३.६ गिगाहर्ट्झ, ११५ वॉट. असे दोन म्हणजे २० कोअर ४० थ्रेड, एकेका कोअरवर दोन कामं. ज्यांना कोअर कमी पण स्पीड जास्त हवा त्यांनी ई५-२६६७ व्ही२ बघावा, ८ कोअर, टर्बो ४.० पर्यंत जातो. व्ही४ मध्ये ई५-२६८० व्ही४, १४ कोअर, १२० वॉट. आणि एक महत्त्वाचं, एव्हीएक्सची पुढची आवृत्ती एव्हीएक्स२ ही व्ही३ पासून पुढेच आहे, व्ही२ मध्ये नाही. आता काही सॉफ्टवेअर एव्हीएक्स२ शिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे तुमचं मुख्य सॉफ्टवेअर कुठलं आणि त्याला काय लागतं ते आधी बघा, नंतर कपाळावर हात मारून उपयोग नाही.

नावाच्या शेवटी डब्ल्यू असेल, म्हणजे ई५-२६८७डब्ल्यू वगैरे, तर तो १५० ते १६० वॉटचा असतो आणि प्रत्येक बोर्ड तो घेत नाही. एल असेल तर कमी विजेचा आणि हळू. आणि सीपीयूच्या डोक्यावर इंटेल कॉन्फिडेन्शियल लिहिलंय किंवा कोड क्यू ने सुरू होतोय तर तो इंजिनिअरिंग सॅम्पल, म्हणजे विक्रीआधीचा चाचणीचा नमुना, स्वस्त असतो पण बोर्ड ओळखेल का नाही ते नशीब. जोडी घेताना दोन्ही एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच स्टेपिंगचे, म्हणजे त्याच मॉडेलच्या एकाच आवृत्तीचे, सीपीयूवर छापलेला एसआर ने सुरू होणारा कोड दोन्हीवर सारखा असला की झालं.

आता बोर्डाकडे येऊ. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मोठ्या कंपनीचं जुनं वर्कस्टेशन अख्खं उचलायचं, एचपी झेड६२०, झेड८२०, झेड८४०, डेलचं प्रिसिजन टी७६१० किंवा टी७९१०, लेनोवोचं थिंकस्टेशन डी३०. दुसरा म्हणजे सुटा बोर्ड घेऊन स्वतः बांधायचं, उदाहरणार्थ सुपरमायक्रो एक्स९डीआरआय-एफ, असुस झेड९पीई-डी८ डब्ल्यूएस, इंटेल एस२६००सीपी. पहिल्यांदाच करत असाल तर वर्कस्टेशन घ्या. त्यात कॅबिनेट, एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), हीटसिंक, पंखे सगळं जुळलेलं येतं, आणि बऱ्याचदा एकच सीपीयू घातलेलं मशीन स्वस्तात मिळतं, दुसरा सीपीयू आणि त्याचा हीटसिंक आपण घालायचा. तोटा एवढाच की बोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्या आकाराचे आणि स्वतःच्या कनेक्टरचे, उद्या एसएमपीएस गेला तर बाजारातला कुठलाही लावता येत नाही.

वर्कस्टेशन घेताना दोन गोष्टी विकणाऱ्याला विचारा. झेड६२० मध्ये दुसरा सीपीयू बोर्डावर बसतच नाही, त्याच्यासाठी वेगळं राइझर कार्ड येतं ज्यावर सीपीयू आणि त्याची रॅम दोन्ही बसतात, ते कार्ड सोबत आहे का? नसेल तर ते शोधायला जो खर्च येईल त्यात कधी कधी झेड८२० च येतं. आणि दुसरं, झेड४२०, झेड६२०, झेड८२० या तिघांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) बूट ब्लॉक डेट नावाची ओळ असते, ती २०११ ची असेल तर त्यात व्ही२ सीपीयू चालत नाहीत, २०१३ ची असेल तर चालतात. बायोस अपडेट केलं तरी ही तारीख बदलत नाही हे लक्षात घ्या. लोक अपडेट करून करून थकतात. विकणाऱ्याकडून बायोसच्या त्या स्क्रीनचा फोटोच मागवा, तोंडी हो म्हणाला तर धरू नका.

सुटा बोर्ड घेत असाल तर आधी मापं. यातले बरेचसे बोर्ड एसएसआय ईईबी मापाचे, म्हणजे १२ गुणिले १३ इंच. कॅबिनेटच्या जाहिरातीत ई-एटीएक्स लिहिलेलं असलं तरी खात्री नाही, कारण ई-एटीएक्स या नावाखाली लोक कमी रुंदीचे बोर्ड पण खपवतात आणि ईईबीची स्क्रूची भोकं वेगळ्या जागी असतात. कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचा छोटा खांब, जिथे बोर्डाला भोक नाही तिथे राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतं. माझं एकदा असंच झालं, बटण दाबलं की पंखे अर्धा फेरा फिरायचे आणि बंद, दोन दिवस एसएमपीएसला शिव्या घातल्या आणि शेवटी निघाला काय तर एक स्टँडऑफ. तेव्हापासून बोर्ड ठेवायच्या आधी भोकं आणि स्टँडऑफ मोजतो, आकडा जुळला तरच पुढे.

हीटसिंकचं पण असंच एक मोजमाप आहे जे कुणी सांगत नाही. एलजीए २०११ मध्ये सॉकेटच्या कडेची स्क्रूची भोकं दोन प्रकारची असतात, चौकोनी ८० गुणिले ८० मिलिमीटर आणि अरुंद ५६ गुणिले ९४ मिलिमीटर. साधे टॉवर कूलर बहुतेक चौकोनीवाले, आणि सर्व्हर बोर्ड बऱ्याचदा अरुंदवाले. बोर्डाच्या फोटोवरून ओळखता येतं, सॉकेटची चौकट चौरस दिसते का लांबुळकी. कूलर त्याप्रमाणेच घ्या. दोन्ही कूलर शेजारी शेजारी मावतील का, आणि रॅमच्या स्लॉटवर येत नाहीत ना, ते पण बघा.

एसएमपीएसला २४ पिनचा एक आणि सीपीयूसाठी ८ पिनचे दोन केबल लागतात. स्वस्तातल्या एसएमपीएसला ८ पिनचा एकच असतो. मग काही हुशार लोक ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनचा केबल सीपीयूच्या जागी घालायला जातात कारण दिसायला तसाच असतो. नका करू!! त्यात बारा व्होल्ट आणि ग्राउंड उलटे असतात, खाच मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, ती तासून घातली तर बोर्ड गेलाच म्हणून समजा. दोन ११५ वॉटचे सीपीयू म्हणजे २३० वॉट नुसते तेच, वर रॅम, पंखे, ग्राफिक्स कार्ड, त्यामुळे चांगल्या कंपनीचा ६५० ते ७५० वॉटचा धरा, मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर अजून वर.

रॅम. लेबल वाचायला शिका, बाकी काही नाही. पीसी३-१२८००आर असं लिहिलेलं असतं, १२८०० ला ८ ने भागलं की १६०० म्हणजे तिचा स्पीड, आणि शेवटचा आर म्हणजे रजिस्टर्ड. शेवटी ई असेल तर अनबफर्ड ईसीसी, म्हणजे चुका दुरुस्त करणारी पण ती वेगळी चिप नसलेली, एल असेल तर लोड रिड्यूस्ड. हे तीन प्रकार एकमेकांत मिसळायचे नाहीत, मिसळले तर मशीन चालूच होणार नाही. पीसी३ च्या लगेच पुढे एल असेल, पीसी३एल, तर तो वेगळा एल, ती १.३५ व्होल्टवाली. व्ही२ बहुतेक १८६६ पर्यंत घेतात, लेबलवर १४९००आर. प्रत्येक सीपीयूला चार मेमरी चॅनेल असतात म्हणून दोघांना मिळून निदान आठ स्टिक लावा, १६ च्या चार घेण्यापेक्षा ८ च्या आठ घ्या, रॅम तेवढीच पण डेटा जायचे रस्ते दुप्पट. आणि सगळ्या स्टिक एका सीपीयूच्या बाजूला लावून दुसऱ्याला उपाशी ठेवू नका, दोन्हीकडे सारख्या.

एवढं सगळं जमलं, बोर्डाच्या सपोर्ट लिस्टमध्ये नाव बघितलं, की मग सीपीयू मागवा.

बोर्ड हातात आला की पहिलं काम, भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून दोन्ही सॉकेटमधल्या पिना बघा, उजेड तिरका पाडून. या सॉकेटमध्ये पिना सीपीयूला नसतात, बोर्डाला असतात, २०११ पिना, आणि जुन्या बोर्डाचं सगळ्यात कॉमन दुखणं तेच. रांगेत एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकलीये. बोर्ड आल्या आल्या फोटो काढून ठेवा, नंतर वाद झाला तर तुमच्याकडे काहीतरी असेल. मला एकदा टेस्टेड म्हणून विकलेल्या बोर्डात तीन पिना आडव्या मिळाल्या, सुईने एकेक उचलून सरळ केल्या, श्वास रोखून, चालला बोर्ड, पण ते काम मुद्दाम कुणी अंगावर घेऊ नये.

जोडणी कॅबिनेटच्या बाहेरच करा, बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून. फक्त पहिल्या सॉकेटमध्ये एक सीपीयू, त्याच्या पहिल्या स्लॉटमध्ये एक स्टिक, हीटसिंक, आणि ग्राफिक्स कार्ड. या झिऑनमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, सर्व्हर बोर्डावर मात्र जुनं व्हीजीए पोर्ट असतं तेवढ्यावर भागतं. बायोसचा सेल पण नवीन घाला, सीआर२०३२, बारा वर्षांच्या बोर्डातला मेलेलाच असतो. सॉकेटला दोन लिव्हर असतात, त्यांच्यावर कुलपाची चित्रं काढलेली असतात, उघडताना बंद करताना क्रम त्याप्रमाणे. हीटसिंकचे चार स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही.

बटण दाबल्यावर स्क्रीन लगेच येणार नाही. हे बोर्ड रॅम तपासत बसतात, मिनिट दोन मिनिटं काळाच पडदा असतो, घाबरून बंद करू नका. पडदा आला की बायोसचं व्हर्जन बघा, गरज असेल तर आत्ताच अपडेट करा. बोर्डाचं जुनं बायोस व्ही२ ओळखत नसेल तर अपडेट करण्यापुरता एखादा पहिल्या पिढीचा सगळ्यात स्वस्त सीपीयू हाताशी ठेवावा लागतो. मग तोच टेस्ट दुसऱ्या सीपीयूने, पहिल्याच सॉकेटमध्ये. दोन्ही चांगले निघाले की मग दोघांना घाला आणि रॅम भरा.

इथे एक गंमत होते. आठच्या आठ स्टिक ८ जीबीच्या, म्हणजे ६४ दिसायला पाहिजे, आणि दिसतात ५६. लोक लगेच रॅमला दोष देतात. ती स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून बघा, तिथे चालली तर रॅम चांगलीये. मेमरी कंट्रोलर सीपीयूच्याच आत असतो, त्यामुळे सीपीयू नीट टेकला नसेल, हीटसिंक एका बाजूला जास्त आवळला असेल किंवा एखादी पिन वाकली असेल तर नेमका एक चॅनेल गायब होतो. सीपीयू काढून त्याच्या खालचे सोनेरी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, परत बसवा, स्क्रू सारखे आवळा. बहुतेक वेळा ६४ दिसायला लागतात. नाही दिसले तर पिना परत बघा.

पीसीआयई स्लॉटचं, म्हणजे ग्राफिक्स वगैरे कार्डं बसतात त्यांचं, पण असंच, प्रत्येक सीपीयूला ४० लेन (डेटाच्या वाटा) आणि अर्धे स्लॉट दुसऱ्या सीपीयूला जोडलेले, त्यामुळे एकच सीपीयू असताना खालच्या स्लॉटमध्ये कार्ड दिसलं नाही तर स्लॉट मेलाय असं समजू नका.

डिस्कबद्दल थोडक्यात. व्ही१-व्ही२ च्या सी६०२ चिपसेटमध्ये ६ गिगाबिटची साटा पोर्ट दोनच असतात, बाकीची ३ वाली, एसएसडी त्या दोनातच लावा, सहसा रंग वेगळा असतो. एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान एसएसडी, पीसीआयईच्या अडॅप्टरवर चालते पण त्यावरून बूट होणं बहुतेक बोर्डांना जमत नाही, म्हणून सिस्टिम साटा एसएसडीवर आणि कामाचा डेटा एनव्हीएमईवर. बायोसमध्ये खटपट करून बूट करणारे पण आहेत, मी त्या फंदात पडलो नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स टाका, डोकेदुखी कमी. विंडोज हवंच असेल तर होम घेऊ नका, होम एकच सॉकेट ओळखतं, दुसरा सीपीयू आहे हे त्याला कळणारच नाही, प्रो दोन ओळखतं. १९९९ मध्ये एबिटचा बीपी६ बोर्ड आला होता, दोन स्वस्त सेलेरॉन एका बोर्डावर, तेव्हाही विंडोज ९८ ला दुसरा दिसत नव्हता आणि लोकांना एनटी किंवा लिनक्स टाकावं लागायचं. पंचवीस वर्षं झाली, दुखणं तेच. शिवाय विंडोज १० चा फुकट सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय आणि ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर नाहीत.

चालू झालं की लगेच कामाला जुंपू नका. एक रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी सगळ्या कोअरवर तासभर पूर्ण लोड देऊन दोन्ही सीपीयूचं तापमान बघत बसा. दोघांत पाच-सहा अंशांचा फरक चालतो, विशेषतः एकाची गरम हवा दुसऱ्यावर जात असेल तर. पण पंधरा-वीस अंशांचा फरक आला तर सीपीयू आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट किंवा स्क्रूचा घोळ आहे, उघडा परत. सुपरमायक्रोच्या बोर्डावर शांत, हळू फिरणारे पंखे लावले तर बोर्डाला वाटतं पंखा बंद पडला आणि तो सगळे पंखे जोरात सोडतो, मग हळू, परत जोरात, लाटेसारखं. त्यात बिघाड काही नाही, आयपीएमआयच्या (सर्व्हर बोर्ड लांबून हाताळायची सोय) टूलने पंख्याची खालची मर्यादा कमी करायची, गप्प बसतो.

राहिलं नुमा, म्हणजे रॅम दोन सीपीयूंत वाटलेली असण्याची भानगड. प्रत्येक सीपीयूची रॅम त्याची स्वतःची असते, दुसऱ्याच्या रॅममधलं काही हवं असेल तर दोघांमधल्या क्यूपीआय लिंकवरून मागवावं लागतं आणि तिथे वेळ जातो. बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग बंदच ठेवा, म्हणजे सिस्टिमला दोन नोड दिसतात आणि ती स्वतःच बऱ्यापैकी सांभाळते. लिनक्समध्ये एलएससीपीयू कमांड दिली की खाली दोन नुमा नोड दिसले पाहिजेत, एकच दिसला तर ते इंटरलीव्हिंग चालू राहिलंय. व्हर्च्युअल मशीन बनवताना एकेक मशीन एकाच नोडमध्ये मावेल एवढं ठेवा, दहा कोअरचा सीपीयू आहे तर बारा कोअरचं मशीन करू नका. रेंडरला याने फारसा फरक पडत नाही, डेटाबेसला पडतो.

आणि विजेचं मीटर लावून एकदा बघाच, नुसतं चालू ठेवलं तरी हे मशीन साध्या डेस्कटॉपपेक्षा बरंच जास्त खातं. मी ते चोवीस तास चालू ठेवत नाही, रेंडर असेल तेव्हा आयपीएमआयमधून लांबूनच चालू करतो, काम झालं की स्क्रिप्टच्या शेवटी शटडाउनची ओळ टाकलेली असते.